ग्रुपवर सगळे 'हो' म्हणतात तेव्हा वेगळं मत शोधायचं कसं?

या वेळचे चारही प्रश्न एकाच विषयावरचे आहेत, ऑनलाइन ग्रुपवर चर्चा होते, निर्णय होतो आणि त्यात एखाद्याचं वेगळं मत राहून जातं. पहिल्या प्रश्नाला जरा जास्त जागा दिलीय, कारण तसली पत्रं केळी पट्ट्यातून बरीच येतात.

प्रश्न : ताई, रावेर-यावलकडच्या केळी बागायतदारांचा आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, दोनशेच्या वर लोक आहेत. रोपं एकत्र बुक करणं, कटाईचे मजूर, बऱ्हाणपूरचा भाव काय निघाला, व्यापाऱ्याला काय सांगायचं, सगळं तिथंच ठरतं. मागच्या मृगबागेच्या (जून-जुलैच्या लागवडीच्या) वेळी रात्री पोल टाकला की सगळ्यांनी एकाच आठवड्यात लागवड करायची का. आमच्यातले एक मोठे बागायतदार अण्णा लगेच म्हटले करायची, मग अंगठेच अंगठे. एका पोराने लिहिलं होतं की ज्यांच्या बांधाला काकडी-गिलक्याचे प्लॉट आहेत त्यांनी थांबा, मावा (ही कीड) लई दिसतोय, हरण्या रोग येईल. कोणी रिप्लाय सुद्धा दिला नाही. नंतर बऱ्याच जणांना झाडं उपटावी लागली. आता सगळे म्हणतात त्याचं ऐकायला पाहिजे होतं. मी अ‍ॅडमिन आहे. पण रोज इतके लोक काही ना काही वेगळं लिहितात, त्यातलं कोणतं ऐकायचं हे आधी कसं कळणार?

उत्तर : दादा, त्या रात्री कोण कोणानंतर बोललं ते आधी बघा. पहिले अण्णा, मग अंगठे, आणि त्याच्यानंतर त्या पोराचा मेसेज, म्हणजे तो आला तेव्हा निकाल लागून गेला होता आणि वाचणाऱ्यांना तो लागवडीबद्दलचा मुद्दा न वाटता अण्णांच्या विरोधात बोलणं वाटलं. गावात असं झालं की माणसं गप्प बसतात, त्यात कोणाचा वाईटपणा नसतो.

हे माणसाच्या स्वभावातच किती खोल आहे ते सॉलोमन अ‍ॅश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत १९५१ च्या सुमारास दाखवून ठेवलंय. खोलीत काही माणसं, समोर रेघा, कोणती रेघ नमुन्याएवढी लांब आहे एवढंच सांगायचं, लहान पोराला पण येईल इतकं सोपं. पण एक सोडून बाकी सगळे अ‍ॅशने आधीच शिकवून ठेवलेले होते आणि ते ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे. त्या एकट्या माणसाने अशा वेळी साधारण तीनातल्या एका खेपेला डोळ्यासमोरची रेघ सोडून सगळ्यांचं चुकीचं उत्तर दिलं. तेच उत्तर जेव्हा तोंडाने न सांगता कागदावर एकट्याने लिहायला दिलं तेव्हा चुका एकदम कमी झाल्या. तुमच्यासाठी कामाची गोष्ट ही कागदाची आहे. व्हॉट्सॲपवर आपण टाकतो त्या पोलमध्ये कोणी कशाला मत दिलं ते नावानिशी दिसतं, त्यामुळे तो पोल म्हणजे अण्णांसमोर हात वर करण्यासारखंच झालं.

आणि हे फक्त मोठ्या माणसाच्या दबावामुळे होतं असंही नाही. २०१३ साली सायन्स या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला, त्यात एका बातम्यांच्या साइटवरच्या लाखभर कमेंटपैकी काहींना संशोधकांनी, कमेंट कशी आहे ते न बघता, चिठ्ठी टाकून निवडल्यासारखं, सुरुवातीलाच एक खोटं 'लाइक' देऊन टाकलं. कोणी दिलं ते कोणाला माहीत नव्हतं, त्यामागे कोणी अण्णा नव्हते, तरी त्या कमेंटचं शेवटचं रेटिंग सरासरी २५ टक्क्यांनी वर गेलं. एका अंगठ्याचा एवढा परिणाम होत असेल तर पहिले वीस अंगठे काय करत असतील विचार करा.

म्हणून माझं सांगणं एकच आहे, वेगळं मत शोधायचं असेल तर ते गर्दीत मिसळायच्या आधी गोळा करा. चर्चा सुरू झाल्यावर शोधायला निघालात तर अर्धी मतं लिहिलीच गेलेली नसतात, आणि जे लिहिलंच नाही ते कोणता अ‍ॅडमिन शोधणार?

करायचं कसं ते सांगते. पोल टाकू नका. साधा गुगल फॉर्म बनवा, ईमेल मागायची सेटिंग बंद ठेवा, ज्यांना फॉर्म जमत नाही त्यांनी एकाच ठरलेल्या माणसाला पर्सनलवर व्हॉइस मेसेज पाठवायचा, आणि तो माणूस अण्णांच्या घरातला नको. प्रश्न दोनच. तुमचं मत काय, आणि तुम्ही काय पाहिलं म्हणून असं वाटतं. दुसरा प्रश्न सोडू नका, सगळा जीव त्यातच आहे. संध्याकाळपर्यंत येतील ती सगळी कारणं नाव न टाकता एका मेसेजमध्ये ग्रुपवर टाका, एकाने म्हटलेलं असो की पन्नास जणांनी, प्रत्येक कारण एकदाच लिहायचं. मग चर्चा करू द्या आणि दुसऱ्या दिवशी परत मत घ्या. अमेरिकेतल्या रँड संस्थेत १९५० च्या दशकात जाणकारांची मतं घ्यायला जवळपास हीच पद्धत काढली, तिला डेल्फाय म्हणतात, आजही सरकारी नियोजनापासून दवाखान्यापर्यंत वापरतात.

आता तुमचा खरा प्रश्न, की आलेल्या वेगळ्या मतांतलं कोणतं उचलायचं. मी तर असं बघते की त्यात अशी माहिती आहे का जी बाकी कोणाकडे नाही, आणि ती जाऊन बघता येईल का. त्या पोराच्या मेसेजमध्ये दोन्ही होतं. हरण्या म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस, मावा तो पसरवतो, काकडी, गिलकी, भोपळा, टोमॅटो, मिरची असल्या पिकांवर आणि तणांवर तो राहतो, म्हणून तर केळीत किंवा केळीच्या शेजारी ही पिकं घेऊ नका असं कृषी विद्यापीठं सांगतात. पोरगा म्हणत होता मावा दिसतोय. दोघं जण मोटरसायकलवर जाऊन चार प्लॉटमधली पानं उलटी करून बघून आले असते, तासाभराचं काम होतं. तो नंतर खरा ठरला म्हणून त्याचं ऐकायला पाहिजे होतं असं मी म्हणणार नाही, रोग रोपांतून पण येऊ शकतो, नुसत्या बांधावरच्या काकडीवर खापर फोडता येत नाही. तो चुकीचा निघाला असता तरी ते तपासण्यासारखंच मत होतं. उलट 'मला नाही पटत' एवढंच कोणी लिहिलं असेल तर त्याला फोन करून विचारा की काय पाहिलं दादा, सांगितलं तर यादीत टाका, नाही सांगितलं तर पुढे चला.

स्टॅसर आणि टायटस या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये दाखवलं की माणसं एकत्र बसली की जे सगळ्यांना आधीच माहीत असतं त्याच्यावरच जास्त वेळ बोलतात आणि जे एकालाच माहीत आहे ते बाहेर येतच नाही. तुमच्या ग्रुपवर भाव काय निघाला हे दिवसातून कितीदा येतं आणि कोणाच्या बांधाला काय लावलंय हे कितीदा येतं, मागे स्क्रोल करून बघा.

मतं आकड्यात मोजायची असतील तर अजून एक युक्ती आहे, प्रेलेक नावाच्या संशोधकाची आणि त्याच्या सहकाऱ्यांची, २०१७ मध्ये नेचर या नियतकालिकात आली होती. मत विचारताना सोबत हेही विचारायचं की ग्रुपमधले शंभरातले किती जण तुमच्यासारखंच म्हणतील. त्यांचं उदाहरण असं होतं, पेनसिल्व्हेनिया राज्याची राजधानी फिलाडेल्फिया आहे का? बरेच जण हो म्हणतात कारण ते मोठं शहर आहे आणि त्यांना वाटतं सगळेच हो म्हणतील. पण ज्याला माहीत आहे की राजधानी हॅरिसबर्ग आहे, त्याला हेही माहीत असतं की बाकीचे फसणार. म्हणून 'नाही' म्हणणारे लोकांच्या अंदाजापेक्षा जास्त निघतात आणि तिथंच खरं उत्तर सापडतं. तुमच्याकडे समजा तीस टक्के लोक थांबा म्हटले, आणि सगळ्यांच्या अंदाजाची सरासरी होती की पंधराच टक्के थांबा म्हणतील, तर ते तीस टक्के कमी असले तरी त्यांना बोलवून घ्या, त्यांना काहीतरी दिसतंय.

आणि अण्णांना प्रेमाने सांगा की त्यांनी शेवटी बोलावं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडींनी १९६१ मध्ये क्युबावरचा बे ऑफ पिग्सचा हल्ला सल्लागारांचं एकमत आहे असं धरून करू दिला आणि तो पार फसला, दुसऱ्या वर्षी क्युबातल्या रशियन क्षेपणास्त्रांचं संकट आलं तेव्हा ते काही बैठकांना मुद्दाम गेले नाहीत म्हणजे माणसं मोकळी बोलतील. राष्ट्राध्यक्षाला जमलं तर अण्णांना पण जमेल, त्यांना बागा वाचलेल्या हव्याच आहेत.

प्रश्न : मॅडम, मी जळगावला कॉम्प्युटरचं एम.एस्सी. करतो. प्रोजेक्टला विषय घेतलाय, ग्रुप चर्चेतून सगळ्यांपेक्षा वेगळी मतं आपोआप शोधून काढायची. मेसेजचे व्हेक्टर (म्हणजे मेसेज आकड्यांत मांडून) बनवले आणि जे सगळ्यात लांब पडतात ते वेगळे असं धरलं. पण निकाल विचित्र येतात, अहिराणीतले मेसेज सगळे वेगळे म्हणून येतात आणि खरोखर विरोध करणारे येतच नाहीत. चूक कुठं होतेय?

उत्तर : विषय फार चांगला घेतलास आणि अडचण पण नेमकी पकडलीस. तुझं मशीन वेगळं मत शोधत नाहीये, वेगळं लिहिणं शोधतंय. 'पयले पानी देखी ल्या, मंग बाग लावा' आणि 'आधी पाणी बघा मग बाग लावा' ही दोन्ही मतं एकच आहेत, पण ज्या मॉडेलने अहिराणी फारशी वाचलेलीच नाही त्याला पहिलं वाक्य गावाबाहेरचं वाटतं. आपल्याकडे ळ चा य होतो, केळीची केयी होते, त्यात कोणी इंग्रजी अक्षरात मराठी टाइप करतो, कोणी एकाच शब्दाचं चार तऱ्हेने स्पेलिंग करतो, हे सगळं तुझ्या आकड्यांमध्ये अंतर म्हणून येतं. दुसरीकडे 'जूनमध्ये लागवड करायला पाहिजे' आणि 'जूनमध्ये लागवड करायला नको', यांचे व्हेक्टर एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसतात कारण शब्द जवळजवळ सारखेच आहेत, आणि तुला हवा असलेला विरोध तर त्या एका 'नको'त आहे. लोकल आउटलायर फॅक्टर वापर की दुसरं काही वापर, ती पद्धत २००० सालची आणि चांगली आहे, आजूबाजूच्या दाटीशी तुलना करून एकटा पडलेला बिंदू शोधते, पण बिंदूच चुकीच्या जागी मांडला असेल तर ती तरी काय करणार.

मी असते तर कामाचे दोन भाग केले असते. आधी मेसेज कोणत्या मुद्द्यावर आहे ते, मग त्या मुद्द्याच्या बाजूने की विरुद्ध की दोन्ही नाही. वेगळेपणा दुसऱ्या भागात मोज. बाजू ठरवायला काही शे मेसेज माणसांकडून तपासून घे, दोघांकडून वेगवेगळे, त्यातला एक तरी अहिराणी किंवा लेवा बोली घरात बोलणारा पाहिजे, आणि दोघांचं किती जुळतं ते कोहेनच्या कॅप्पाने मोज. त्या दोघांचंच जुळलं नाही तर मशीनचं जुळायची अपेक्षा ठेवू नको. फॉरवर्ड केलेले मेसेज आधी काढून टाक, एकच फॉरवर्ड दहा जणांनी टाकला की मशीनला ती दहा माणसांची मतं वाटतात.

आणि एक वेगळा रस्ता बघून ठेव, त्यात भाषा समजायची गरजच कमी पडते. पोलिस नावाचं एक सॉफ्टवेअर आहे (खाकीवाले नव्हे), सिएटलला बनलं, तैवानमध्ये २०१५ ला उबर टॅक्सीचे नियम ठरवताना वापरलं. लोकांनी छोटी छोटी वाक्यं टाकायची आणि दुसऱ्यांच्या वाक्यांवर फक्त सहमत, असहमत किंवा पास एवढंच दाबायचं, रिप्लायची सोयच ठेवली नाही त्यामुळे भांडण वाढत नाही. मग कोणी कशावर काय दाबलं त्या तक्त्यावरून मशीन माणसांचे गट पाडतं. छोटा गट असला तरी नकाशावर तो वेगळा दिसतो, मोठ्या गटात विरघळून जात नाही, आणि सगळ्या गटांना पटलेली वाक्यं पण वर येतात. तुझ्या प्रोजेक्टला हे मांडणं सोपं पडेल आणि अहिराणीवर अन्याय पण होणार नाही, वाक्य कोणत्या बोलीत आहे ते माणूसच वाचतो ना.

चॅट एक्सपोर्ट करशील तेव्हा नाव-नंबर पहिले काढून टाक आणि ग्रुपवाल्यांना विचारून घे. आपलं मत 'वेगळं' म्हणून कोणाच्या तरी एक्सेलमध्ये नावासकट पडलंय हे कळलं तर माणूस परत तोंड उघडत नाही, आणि आपण तर नेमकं त्याच्या उलट करायला निघालोय.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक काका प्रत्येक गोष्टीला विरोध करतात. त्यांना ग्रुपमधून काढावं का? — भुसावळ

उत्तर : काढू नका. गेल्या सहा महिन्यांत ते कशाकशाला नाही म्हटले ते मागे जाऊन एकदा वाचा, शांतपणे. लिफ्ट, पार्किंग, गणपतीची वर्गणी सगळ्याला एकाच सुरात नाही असेल तर त्यातून नवीन काही कळत नाही, नोंद घ्या आणि पुढे जा. पण त्यातच एखाद्या ठिकाणी त्यांनी पावतीचा, मोजमापाचा, नियमाचा मुद्दा काढला असेल तर तेवढा वेगळा काढून बघा, माणूस रोज चिडचिडा असतो म्हणून त्याची प्रत्येक गोष्ट फोल नसते. काही ग्रुपवाले काकांना काढून त्यांच्या जागी 'आज तू विरोधी बाजू मांड' असं कोणाला तरी नेमतात. मानसशास्त्रज्ञ शार्लन नेमेथ यांनी या विषयावर बरीच वर्षं काम केलंय, त्यांना असं दिसलं की नेमून दिलेल्या विरोधापेक्षा मनापासून असलेल्या विरोधाने बाकीची माणसं जास्त विचार करायला लागतात. मनापासून विरोध करणारा तुमच्याकडे फुकट आहे, राहू द्या.

प्रश्न : ताई, मी साक्री तालुक्यातली, बचत गटात आहे. गावाच्या ग्रुपवर नळाच्या पाण्याची वेळ ठरवायचं चाललंय. सगळे म्हणतात पहाटे सोडा. आमची वस्ती शेवटाला आहे, पहाटे सगळे नळ चालू असले की आमच्याकडे पाणी चढतच नाही. मी मेसेज लिहिते आणि पुसून टाकते. ग्रुपवर सगळे पुरुष, मोठी माणसं, सासरचे पण आहेत. एकटीने काय बोलायचं?

उत्तर : ताई, एकटीने बोलू नकाच. अ‍ॅशचा रेघांचा प्रयोग वर लिहिलाय, त्यातच पुढे त्याने एक बदल केला, त्या एकट्या माणसाच्या सोबतीला खरं बोलणारा फक्त एक माणूस दिला. तीनातल्या एका खेपेला होणारी चूक तेवढ्याने साधारण वीसातल्या एकीवर आली. बहुमत तेवढंच होतं, सोबत एकाची मिळाली एवढाच काय तो फरक. तेव्हा मेसेज टाकायच्या आधी वस्तीतल्या दोघी-तिघींशी बोला आणि ठरवा की तुमचा मेसेज पडला की त्यांनी दहा मिनिटांत खाली आपापल्या नळाचं लिहायचं. नुसता अंगठा नको, स्वतःच्या घरचं लिहायचं.

दुसरं म्हणजे एकदा लिहून थांबू नका आणि दर वेळी मुद्दा बदलू पण नका. मॉस्कोविची या मानसशास्त्रज्ञाच्या १९६९ च्या प्रयोगात सहा जणांच्या गटात दोघं जण निळ्या रंगाला हिरवा म्हणत राहिले, चक्क चुकीचं, तरी ते दर वेळी ठामपणे तेच म्हटले तेव्हा बाकीच्यांची ८ टक्क्यांवर उत्तरं त्यांच्याकडे झुकली, आणि ते कधी हे कधी ते म्हणायला लागले तेव्हा जेमतेम सव्वा टक्का. तुमच्याकडे तर खरी गोष्ट आहे.

ती दाखवा. पहाटे पाणी सोडतात तेव्हा शेवटच्या नळाखाली हंडा ठेवा, मोबाइलवर वेळ दिसेल असा व्हिडिओ काढा, हंडा भरायला किती मिनिटं लागली ते कळू द्या. तोच हंडा दुपारी किंवा संध्याकाळी पाणी सोडलं तर किती वेळात भरतो तेही काढा, पाणी सोडणाऱ्या दादाला एक दिवस विनंती करून बघा, तो माणूस बहुतेक तुमच्याच बाजूचा निघेल कारण कुठल्या व्हॉल्व्हला काय होतं ते त्याच्याइतकं कोणाला माहीत नसतं. आणि मागणी लहान ठेवा. सगळ्या गावाची वेळ बदला असं न म्हणता, शेवटच्या वस्तीचा व्हॉल्व्ह आधी अर्धा तास उघडा मग बाकीचे उघडा, असं लिहा, त्याला नाही म्हणायला कोणाला फारसं कारण नाही.

ग्रुपवर लिहायला अजूनही हात धजत नसेल तर ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आपल्या राज्याच्या कायद्यात आहे, ती होते का ते ग्रामसेवकांना (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) विचारा, आणि झाली की हा विषय तिथं लेखी द्या, ठराव क्रमांक टाकून घ्या. मग त्या ठरावाचा फोटो ग्रुपवर टाकायचा. मेसेज असा काहीसा लिहा : 'नमस्कार, आमच्या वस्तीतल्या शेवटच्या नळाचा आज सकाळचा व्हिडिओ टाकतेय. हंडा भरायला किती वेळ लागला ते बघा. आमची विनंती एवढीच की आमचा व्हॉल्व्ह अर्धा तास आधी उघडून आठ दिवस बघावं, तुमच्याकडे पाणी कमी आलं तर परत पहिल्यासारखं करू.' आणि पाठवल्यावर पुसू नका.